तणाचं बी मोजायचं कसं?

गाजरगवताच्या एका झाडाला हजारो बिया येतात. रानात तणाचं किती बी पडून आहे हे कळलं, तर पुढे किती खुरपणी लागेल याचा अंदाज येतो. म्हणून संशोधक माती चाळणीवर धुतात, बी वेचून मोजतात. डोळे शिणतात, आकडा चुकतो. तांदूळ निवडणाऱ्या आपल्याला हे काय सांगायचं! आता बी पसरून फोटो काढतात आणि संगणक मोजतो. पण दोन बिया चिकटल्या तर कधी एकच धरतो, फोलपटालाही बी समजतो. बी भरलेलं की पोकळ, ते चिमट्यानं दाबून बघतात. खुरपं आपल्याच हातात, म्हणून आम्ही गटात ठरवलंय: गाजरगवत फुलायच्या आत उपटायचं, तेही हातमोजे घालून.