वेदना, विषाद आणि चुंबक

ज्याची कंबर वर्षानुवर्षें दुखत आहे अशा माणसाला घरांतील मंडळी पहिल्या वर्षीं सांगतात, "विश्रांति घे". पांचव्या वर्षीं म्हणतात, "हें सगळें तुझ्या मनाचें आहे". दुसरें वाक्य जिव्हारीं लागतें, कारण दुखणें खोटें असल्याचा ध्वनि त्यांत असतो. वस्तुस्थिति निराळी आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी वेदना आणि विषाद, म्हणजे हल्लींच्या बोलींत डिप्रेशन, यांची गांठ वारंवार पडते. वेदनेनें झोंप जाते, झोंप गेल्यानें मन खचतें आणि खचलेल्या मनाला तीच कळ दुप्पट भासते. १९६५ सालीं रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनीं असा सिद्धांत मांडला कीं, शरीराकडून येणारी वेदना मज्जारज्जूंत जणुं एका फाटकांतून जाते आणि तें फाटक किती उघडावें यावर मेंदूचीहि हुकमत चालते. त्याच्या तपशिलांत पुढें पुष्कळ फेरफार झाले, पण मुख्य मुद्दा टिकला. वेदना खरी, आणि तिच्यावरील मनाचा अंमलहि खरा.

या जोडदुखण्यावर ड्युलोक्सेटिनसारखीं दोन्हींकडे उपयोगी पडणारीं औषधें आहेत. तीं सर्वांना लागू पडत नाहींत. अशांसाठीं वैद्यकाची दृष्टि विजेकडे वळली. अर्थात् ही दृष्टि अगदींच नवी नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत स्क्रिबोनियस लार्गस या रोमन वैद्यानें डोकेंदुखीवर विद्युन्मत्स्याचा जिवंत स्पर्श सुचविला होता! रोग्यानें त्याचे आभार मानले असतील कीं काय, कोण जाणे.

बदलत्या चुंबकक्षेत्रानें वीज निर्माण होते, हें फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलें. त्याच तत्त्वावर १९८५ सालीं शेफील्ड येथें अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तारेचें वेटोळें डोक्यावर धरून, कवटीला धक्का न लावतां, मेंदूच्या एका ठराविक भागांत क्षणिक प्रवाह उत्पन्न केला. तिकडे माणसाचा हात आपोआप हलला. आजच्या उपचाराचें मूळ तेथें आहे. रोगी शुद्धीवर खुर्चींत बसतो. इंग्रजी आठच्या आकड्याच्या आकाराचें वेटोळें डोक्याला टेकवितात आणि सुतारपक्ष्यानें खोड टोंचावें तसा टकटक आवाज सुरू होतो. म्हणून कानांत बोळे घालतात. विषादासाठीं ठोके बहुधा कपाळाच्या डाव्या बाजूस, सेकंदाला दहा या गतीनें देतात. आठवड्यांतून पांच दिवस, असें चार ते सहा आठवडे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २००८ सालीं औषधांनीं न सुधारलेल्या विषादासाठीं या यंत्राला मान्यता दिली.

श्रोत्यांनीं याची सांगड विजेच्या झटक्यांशीं घालूं नये. त्या उपचारांत आंचका मुद्दाम आणतात, त्यासाठीं भूल द्यावी लागते, आणि भुलीवांचून तो देण्यास भारतांत २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें बंदी आहे. येथें भूल नाहीं, आंचकाहि नाहीं.

खरा पेंच पुढेंच आहे. वेदनेसाठीं वेटोळें कपाळावर ठेवीत नाहींत. जपानांत त्सुबोकावा यांनीं १९९१ सालीं पक्षाघातानंतरच्या असह्य वेदनेवर, शस्त्रक्रियेनें, हालचालींच्या केंद्रावर विद्युदग्रें बसविलीं व त्यांचा गुण दिसला. म्हणून चुंबकहि वेदनेसाठीं त्याच जागीं धरतात. आणि गंमत अशी कीं, विषादाची जागा शोधण्याची जुनी रीत म्हणजे ज्या ठिकाणीं ठोका देतांच अंगठा हलतो तेथून पांच सेंटिमीटर पुढें मोजणें! दोन दुखण्यांच्या दोन जागा, मधें जेमतेम तीन बोटांचें अंतर. एकाच माणसास दोन्ही असतील तर वेटोळें कोठें ठेवावें?

याचें सर्वमान्य उत्तर अद्याप नाहीं. विषादावरील गुणाचा पुरावा भक्कम आहे. मज्जातंतूंच्या इजेनें होणाऱ्या वेदनेवर हालचालींच्या केंद्राचा उपचार कित्येकांना आराम देतो, पण तो आराम बहुधा ओसरतो. कपाळावरील ठोक्यांनीं वेदना कमी होते कीं नाहीं याविषयीं निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. शिवाय नुसता आवाज करणाऱ्या खोट्या वेटोळ्यानेंहि कांहीं रोग्यांना बरें वाटतें. म्हणून वेदना हटविण्याचें हमखास आश्वासन देणाऱ्या जाहिरातीपासून दूर राहावें. मात्र मन सावरल्यावर तीच वेदना सोसवूं लागली, तर ती प्राप्ति क्षुल्लक म्हणूं नये.

डोक्यांत धातूचा तुकडा किंवा कानांत बसविलेलें श्रवणयंत्र असेल, अपस्माराचा इतिहास असेल, तर तें आधीं सांगितलेंच पाहिजे. वेदनेसाठीं ट्रामाडॉल घेणाऱ्यांनीं तें विशेषेंकरून सांगावें, कारण त्या औषधानें आंचक्याचा संभव वाढतो. एरवीं आंचका क्वचितच येतो. डोकें दुखणें व ठोक्यांच्या जागीं हुळहुळणें हा नेहमींचा त्रास.

राहतां राहिली खुर्ची. ज्याला पाऊण तास बसवत नाहीं त्यानें महिना दीड महिना रोज सुमारें चाळीस मिनिटें निश्चल बसावें, हें सांगणें सोपें. २०१८ सालीं कॅनडांत विषादाच्या चारशेंहून अधिक रोग्यांवर झालेल्या तुलनेंत निराळ्या लयीचे तीन मिनिटांचे ठोके लांबलचक उपचाराइतकेच गुणकारी ठरले. कंबर धरून बसणाऱ्याला या तीन मिनिटांची किंमत समजावून द्यावी लागत नाहीं.