मोठ्या पाण्यातील शर्यत



ज्या गावात आषाढाच्या झडी लागल्या, की माणसे एकमेकांचे क्षेमकुशल विचारण्याआधी ‘आयर्विनला किती फूट?’ असा प्रश्न करतात, त्या गावात मोठ्या पाण्यातील नौकास्पर्धा हा विषय घेऊन उभे राहताना पाण्याचे सामर्थ्य मला आपल्याला नव्याने सांगावयाचे नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेला ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका ही परिमाणे सांगलीच्या शाळकरी मुलांनाही मुखोद्गत आहेत, आणि २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात तेच पाणी ५७ फुटांच्या वर चढलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. मात्र पाटबंधारे खात्यात नद्यांची मोजदाद करण्यात आयुष्य घालवल्यानंतर मला असे वाटू लागले आहे, की पाण्याकडे आपण पाहतो ती दृष्टी सदैव काठावरची असते; पाण्याच्या पृष्ठावर बसून, हाती एक वल्हे घेऊन, पुढच्या पन्नास हातांवर हा प्रवाह काय करील याचा निर्णय क्षणार्धात करणाऱ्या मनुष्याची दृष्टी ही एक स्वतंत्र विद्या आहे, आणि ती विद्या ज्या स्पर्धांमधून जगात जोपासली जाते त्यांचा विचार कृष्णाकाठाने आस्थापूर्वक करावा, एवढेच आजचे माझे निवेदन आहे.

या स्पर्धांत वापरली जाणारी कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची शिकारीची नाव. सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बांधीत, आणि नावाड्याचा कमरेखालचा देह त्या कातड्यात बंदिस्त होत असल्यामुळे, नाव पालथी झाली तर बाहेर न पडता वल्ह्याच्या एका फटकाऱ्याने ती पुन्हा सरळ करण्याची कला त्यांना प्राणरक्षणासाठीच साधावी लागली. १९२७ साली हान्स एडवर्ड पाव्लाटा या ऑस्ट्रियन गृहस्थाने लिखित वर्णनांवरून ही कला स्वप्रयत्नाने हस्तगत केली, आणि तेव्हापासून युरोपातील खळाळत्या नद्यांमध्ये ही नाव निर्भयपणे उतरू लागली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी आउग्सबुर्ग येथे बांधलेल्या प्रवाहात स्लालोम नावाची शर्यत ऑलिंपिकमध्ये प्रथम झाली. पुढे वीस वर्षे ती वगळली गेली आणि १९९२ मध्ये बार्सिलोनाच्या ऑलिंपिकला परत आली. तिच्यात पाण्यावर टांगलेल्या काठ्यांच्या जोड्यांमधून नाव न्यावयाची असते. हिरव्या काठ्यांमधून प्रवाहाबरोबर आणि तांबड्या काठ्यांमधून प्रवाहाविरुद्ध. काठीला स्पर्श झाला तर दोन सेकंद आणि काठ्यांची जोडी चुकली तर पन्नास सेकंद दंड म्हणून वेळेत मिळवले जातात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कयाक क्रॉस हा नवा प्रकार आला, त्यात चौघे स्पर्धक एकाच वेळी पाण्यात झेपावतात, आणि ठरलेल्या जागी प्रत्येकाने स्वतःहून पालथे होऊन पुन्हा सरळ झालेच पाहिजे, असा नियम आहे. पालथे होण्याची तयारी हा येथे स्पर्धेचाच एक विभाग मानला आहे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते, कारण पुरात बुडालेल्या बहुतेक नावांवर नाव उलटल्यावर काय करावयाचे हे एकालाही शिकवलेले नसते.

ही झाली बांधीव प्रवाहातील शर्यत. या क्रीडेतील जाणकार ज्याला मोठे पाणी म्हणतात ते याहून वेगळे: व्हिक्टोरिया धबधब्याखालची झांबेझी, युगांडातील श्वेत नाईल, कॅनडातील ओटावा. डोंगरी ओढ्यात संकट खडकांचे असते; मोठ्या पाण्यात खडक खोल बुडालेले असतात आणि संकट केवळ पाण्याच्या राशीचे असते. आपल्या दप्तरातील क्युसेक हे परिमाण घेतले, तर एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. म्हणजे एक लाख क्युसेकच्या पुरात दर सेकंदाला सुमारे २८ लाख लिटर पाणी एका रेषेवरून पुढे सरकते. शिवाय वेग दुप्पट झाला, की पाण्याचा रेटा चौपट होतो. अशा प्रवाहाशी बळाने झुंजणे मानवी बाहूंच्या आवाक्यातले नव्हे, हे गणित एकदा मनात रुजले, म्हणजे स्पर्धकाचे सारे कौशल्य पाण्याची रचना ओळखून तिचाच उपयोग करण्यात का एकवटलेले असते, हे उमगते.

या रचनेचे एक उदाहरण आपल्या वाळवे तालुक्यातच आहे. बहे येथील रामलिंग बेटाची कथा आपण जाणता: प्रभू रामचंद्र शिवलिंगाच्या पूजेत मग्न असता कृष्णेला पूर आला, तेव्हा मारुतीने दोन्ही बाहू पसरून तो ओघ दुभंगला आणि पूजा निर्विघ्न पार पडली. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक तेथे आहे. जलशास्त्राच्या दृष्टीने हे बेट पाहिले, तर प्रवाह अडथळ्यावर आपटून दुभंगतो, दोन्ही अंगांनी वेगाने निघून जातो आणि अडथळ्याच्या पाठीशी असे पाणी निर्माण होते, की जे संथ असते, किंबहुना हळूहळू उलट दिशेने, वरच्या अंगाला वाहते. कयाकचा स्पर्धक नदी उतरतो तो अशा एका आडोशातून दुसऱ्या आडोशात, तेथे श्वास घेत, पुढचा टप्पा न्याहाळत. परंतु धावते पाणी आणि उलटे पाणी यांच्यामधली जी सीमा, ती मोठी फसवी. तेथे भोवरे पडतात, आणि नाव योग्य बाजूला कलवली नाही तर ती तत्क्षणी पालथी होते. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि मग एकत्र पूर्वेकडे वळतात. त्या प्रीतिसंगमावर पावसाळ्यात कोणी अर्धा तास लक्षपूर्वक उभा राहिला, तर तळातून उसळून पसरणारे पाणी, सरकते भोवरे आणि दोन ओघांमधली ती सीमा, हा अभ्यासक्रम त्याला काठावरूनच पाहता येईल.

आता आपल्या घरच्या विद्येकडे वळतो. १९२९ साली सांगली संस्थानच्या अमदानीत आयर्विन पूल झाला, त्यापूर्वी पावसाळ्यात पैलतीर गाठणे तरीवर अवलंबून असे, आणि तरी चालवणारे आंबी व कोळी हे या नदीचे खरे जाणते होते. नाव नेमक्या समोरच्या घाटाला लावण्यासाठी ती आधी काठाकाठाने किती वर ओढून न्यावी, मध्यधारेत तिचे तोंड किती तिरके ठेवावे, हे ज्ञान ग्रंथात नव्हते. ते हातात होते. गुऱ्हाळाची काहील पाण्यात लोटून तिच्यातून माणसे पार करणारे धाडसही आमच्या ग्रामीण भागाने पाहिले आहे. पूल झाले, जागोजाग झाले, ते झालेच पाहिजे होते. पण त्यांच्याबरोबर नित्याचा सराव गेला. तो अंशतः टिकला आहे तो केवळ शर्यतींमुळे. पावसाळ्यात कृष्णेचे पात्र भरून आले, की सांगलीत होड्यांच्या शर्यती होतात, सांगलीवाडी, कवठेपिरान आणि इतर नदीकाठच्या गावांचे संघ उतरतात, घाट माणसांनी फुलून जातात. या शर्यतींना करमणूक समजून सोडून देणे मला अन्यायाचे वाटते. ज्या कामासाठी होडी होती ते काम संपल्यानंतरही तरुण मुले वल्हे हाती धरतात, भरल्या नदीत एका तालावर ते मारतात आणि धारेची ओढ अंगाने ओळखतात, हे या शर्यतींचे उपकार आहेत.

याच नदीवर दुसरीही एक रीत आहे, ती म्हणजे पूर आला की पुलावरून उड्या टाकण्याची. पोहण्याच्या परंपरेचा मला अभिमान आहे, तरी ही रीत मी स्पर्धेच्या पंक्तीला बसवणार नाही. जगातील प्रतिष्ठित स्पर्धांमध्ये स्पर्धक आधी काठाने चालत सारा मार्ग पाहून घेतो. प्रत्येक बिकट जागी दोरी घेऊन बचावाचे लोक तैनात असतात. आणि एखादा टप्पा आपल्या आवाक्यातला नाही असे वाटल्यास नाव खांद्यावर घेऊन तो चालत ओलांडण्यात कोणताही कमीपणा मानला जात नाही. पुलावरच्या उडीत हा विवेक नसतो. पुराच्या गढूळ पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही, आणि आपल्या नद्यांवर तर जागोजाग कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळ्यात त्यांचे पाणी अडवणारे बर्गे काढलेले असले, तरी खांब पात्रात उभेच असतात, त्यांच्यामध्ये ओंडके आणि झुडपे अडकतात. पाणी त्या जाळीतून निघून जाते, मनुष्य मात्र तिच्यावर दाबला जातो. बंधाऱ्यावरून सरळ खाली पडणारे पाणी पायथ्याशी उलटून पुन्हा बंधाऱ्याकडे येते आणि त्यात सापडलेल्या वस्तूला तेथेच घोळवीत ठेवते. प्रचंड धबधबे उतरणारे निष्णात कयाकपटूही अशा बुटक्या, दिसायला निरुपद्रवी बंधाऱ्यांना सर्वांत अधिक भितात. ही गोष्ट नदीकाठच्या प्रत्येक शाळेत शिकवली गेली पाहिजे.

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे हलवणारी नाव उलटली आणि स्त्रिया व मुले दगावली. दोषारोप करण्यासाठी मी हा उल्लेख करीत नाही. जे गेले त्यांना वाचवण्यासाठीच ती नाव निघाली होती. पण तेव्हापासून माझ्या मनात हा विचार घर करून आहे, की पुरात मदतीची पहिली नाव नेहमी गावचीच असते, सरकारी पथके मागाहून पोहोचतात, आणि त्या पहिल्या नावेवरच्या हातांना शिक्षण मिळण्याचे ठिकाण शर्यतीवाचून दुसरे उरलेले नाही.

शिकण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. कोयनेचे पुष्कळसे पाणी जसे विजेसाठी सह्याद्रीपलीकडे वाशिष्ठीकडे वळवले आहे, तसेच मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून कुंडलिकेत उतरते, आणि त्या सोडलेल्या पाण्यावर कोलाडला तराफे व कयाक चालतात. ज्या मुळशीसाठी सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तेथील बुडालेल्या गावांचे स्मरण ठेवूनच मी हे सांगत आहे. केरळात कोळिकोड जिल्ह्यात कोडंचेरीच्या परिसरात २०१३ पासून ऐन पावसाळ्यात मलबार नदी महोत्सव भरतो आणि तेथे देशोदेशींचे कयाकपटू येतात. उलट युगांडात बुजागाली येथील धरणाने २०११-१२ च्या सुमारास श्वेत नाईलचे प्रख्यात खळाळ पाण्याखाली गेले. साताऱ्याच्या वरच्या खोऱ्यात धोम, कोयना यांच्या भिंती उभ्या आहेत, त्यांनी शेती आणि वीज दिली आहे. तेव्हा तेथे नैसर्गिक खळाळाची अपेक्षा न धरता, विसर्गाचे वेळापत्रक आधी जाहीर करून सुरक्षित टप्प्यावर शिक्षणाची तजवीज करता येईल किंवा कसे, हे संबंधित खात्यांनी तपासावे.

सांगलीच्या शर्यतींविषयी माझी विनंती याहून सोपी आहे. उतरणाऱ्या प्रत्येक संघाने प्राणरक्षक जाकीट घालावे. शर्यतीच्या आधी संथ पाण्यात होडी मुद्दाम उलटवून, सर्वांनी तिला धरून काठाला येऊन दाखवावे, आणि ज्या संघाला हे साधेल त्यालाच परवाना मिळावा. अशा वल्हेकऱ्यांची नावनिशीवार यादी प्रत्येक तहसील कचेरीत असावी, म्हणजे इशारा पातळी ओलांडताच कोणाला बोलवावयाचे याचा शोध घेत बसावे लागणार नाही. सरावासाठी पाणी उतरल्यावरचे हिवाळ्याचे महिने योग्य. मात्र भिलवडीपासून सांगलीपर्यंतच्या पात्रात मगरी आहेत आणि थंडीत त्या काठावर ऊन खात पडतात, म्हणून सरावाची जागा वनखात्याच्या सल्ल्यानेच नक्की करावी, आणि लहान मुलांचे पहिले धडे पोहण्याच्या तलावातच व्हावेत.