होमस्टकचे संगीत: पासष्ट रचनांचा एक अल्बम

'होमस्टक' ही अँड्र्यू हसी यांची अमेरिकी ऑनलाइन चित्रकथा 13 एप्रिल 2009 रोजी सुरू झाली आणि बरोबर सात वर्षांनी, 13 एप्रिल 2016 रोजी संपली. आठ हजारांहून अधिक पाने आणि लाखो शब्द एवढा तिचा पसारा आहे. तेरा वर्षांची चार मुले संगणकावर एक खेळ खेळू लागतात आणि त्या खेळापायी पृथ्वीचा विनाश ओढवतो, हे कथेचे मूळ सूत्र. बहुतेक पानांवर एक चित्र आणि त्याखाली मजकूर असतो. मात्र काही पानांच्या शीर्षकाआधी चौकटी कंसात 'एस' हे अक्षर येते. आवाज चालू ठेवा, अशी ती वाचकाला दिलेली खूण. अशा पानावर चित्रे हलू लागतात आणि संगीत सुरू होते.

हे संगीत कथेला वरून चिकटवलेले नाही. चारही मुले स्वतः वाजवणारी आहेत. जॉन पियानो वाजवतो, रोझ व्हायोलिन, डेव्ह टर्नटेबल आणि जेड बेस गिटार. कथेच्या सुरुवातीच्या ध्वनिपानांपैकी एकावर जॉन पियानोला बसतो आणि एक छोटी धून वाजवतो. पुढे कोणते पात्र कोणत्या वाद्याच्या आवाजाने ओळखायचे, हे वाचकाच्या कानात तिथूनच मुरू लागते. सुरांचे काम कथानकातच पेरलेले असल्यामुळे संगीतकारांना पहिल्या दिवसापासून करण्यासारखे पुष्कळ होते.

ते करायला माणसे वाचकांतूनच आली. आरंभी कथेची पुढची चालही वाचकांच्या सूचनांवर ठरत असे. संगीताची गरज भासली तेव्हा हसी यांनी वाचकांपैकी ज्यांना संगीत करता येते त्यांना बोलावले आणि 2009 मध्येच एक संगीत संघ उभा राहिला. मायकेल गाय बोमन, माल्कम ब्राउन, क्लार्क पॉवेल, टोबी फॉक्स ही त्यातली काही नावे. घरच्या संगणकावर काम करणारी ही मंडळी. पडद्यावरच्या खेळांच्या संगीतावर ती वाढली होती आणि तो संस्कार त्यांच्या रचनांत स्पष्ट ऐकू येतो.

या संघाच्या संगीताचे अल्बम खंडाखंडाने निघत गेले आणि त्यांतले पहिले चार खंड तुलनेने छोटे होते. जून 2010 मध्ये, कथेचा चौथा अंक संपून पाचवा सुरू होण्याच्या सुमारास, अल्बमचा पाचवा खंड आला आणि त्यात तब्बल 65 रचना होत्या. चित्रकथेत प्रत्यक्ष वाजलेले संगीत त्यात होतेच. पण पात्रांवर, ठिकाणांवर आणि प्रसंगांवर आपापल्या कल्पनेने केलेल्या रचनाही मोठ्या संख्येने होत्या. त्यामुळे हा खंड पार्श्वसंगीताच्या संग्रहापेक्षा वेगळा झाला. कथा अजून लिहिली जात असताना तिच्या जगाबद्दल संगीतकारांनी केलेले हे स्वतंत्र विधान होते आणि त्याचे खरे मोल इथे आहे, आकड्यात नाही.

पानावरचे संगीत आणि अल्बममधले संगीत यांची गरजही निराळी असते. ध्वनिपानावरचा तुकडा बहुधा फिरता असतो. वाचक पात्राला इकडेतिकडे हिंडवत असेल तोवर तो शेवटाकडून पुन्हा सुरुवातीला येत राहतो. सांधा कळू नये, एवढीच तिथे अपेक्षा. अल्बममध्ये त्याच तुकड्याला उठाव, विस्तार आणि शेवट द्यावा लागतो. शिवाय वेगवेगळ्या घरी, वेगवेगळ्या साधनांवर झालेल्या डझनावारी रचना एका ओळीत बसवायच्या, तर आवाजाची पातळी जुळवणे आणि क्रम लावणे ही कामे आलीच. एका रचनेचे शांत पियानो संपते न संपते तोच दुसरीचे कर्कश गिटार कानावर आदळले, तर दोन्ही रचनांचे नुकसान होते.

वितरणासाठी 2008 मध्ये सुरू झालेल्या बँडकँप या संगीतविक्रीच्या ऑनलाइन मंचाचा आधार मिळाला. तिथे संगीतकार स्वतः फाइल चढवतो, किंमत ठरवतो आणि विक्रीतला ठरावीक हिस्सा मंच घेतो. प्रत्येक रचनेला स्वतंत्र चित्र आणि स्वतंत्र श्रेय देता येते. होमस्टकच्या अल्बमांनी या सोयीचा भरपूर उपयोग केला आणि चित्रे काढणाऱ्या वाचकांनाही जागा मिळाली. सीडी छापून दुकानात ठेवायची असती, तर 65 रचनांचा खर्च पाहूनच हा बेत बारगळला असता.

संघाचे सर्वांत मोठे बळ म्हणजे धुनांची देवघेव. एकाने बांधलेली धून दुसरा आपल्या रचनेत गुंफतो, तिसरा तिचा वेग बदलतो, चौथा ती वाद्यवृंदासाठी मांडतो. 25 ऑक्टोबर 2011 रोजी आलेल्या 'कॅस्केड' या सुमारे तेरा मिनिटांच्या चलच्चित्रात अनेकांचे संगीत एकत्र आले. ते पाहायला इतकी गर्दी लोटली की ज्या संकेतस्थळावर ते ठेवले होते तेच कोलमडले.

फॉक्स यांच्या 'मेगॅलोव्हेनिया' या रचनेचा प्रवास इथे सांगण्याजोगा आहे. 2008 मध्ये त्यांनी 'अर्थबाउंड' या जुन्या खेळात स्वतः केलेल्या बदलासाठी ती लिहिली. 2011 मध्ये ती होमस्टकच्या सहाव्या खंडात आली आणि 2015 मध्ये त्यांच्याच 'अंडरटेल' या खेळातून जगभर पोहोचली. जानेवारी 2022 मध्ये व्हॅटिकनमध्ये पोप फ्रान्सिस यांच्यासमोर सर्कशीच्या कलावंतांनी याच सुरांवर कसरती केल्या. पाचवा खंड निघाला तेव्हा फॉक्स अठरा वर्षांचे होते. वाचकांमधल्या तरुणांवर विश्वास टाकला तर काय घडते, याचे याहून ठोस उदाहरण मिळणे अवघड.

सामूहिक कामातला अवघड भाग हक्कांचा. संघातले एक संगीतकार बाहेर पडले तेव्हा त्यांच्या रचना मागे घेतल्या गेल्या. अल्बममधून त्या निघाल्याच, पण चित्रकथेतल्या आधीच प्रसिद्ध झालेल्या ध्वनिपानांवरही दुसरे संगीत बसवावे लागले. ज्या वाचकांच्या मनात ती दृश्ये जुन्या सुरांसकट बसली होती, त्यांच्यासाठी हा बदल लहान नव्हता. एवढ्या लोकांचे काम एकत्र प्रसिद्ध करताना कोणते हक्क कोणाकडे राहतील, हे पहिली रचना स्वीकारण्याआधीच लेखी ठरलेले असावे.

ही ध्वनिपाने ज्यावर चालत त्या फ्लॅश या तंत्राचा आधार अॅडोबीने 31 डिसेंबर 2020 रोजी काढून घेतला आणि ब्राउझरमधली मूळ ध्वनिपाने चालेनाशी झाली. चाहत्यांनी संपूर्ण चित्रकथा संगणकावर उतरवून वाचता येईल असा संग्रह तयार केला, त्यात ती पाने आजही चालतात. अल्बमना मात्र अशा डागडुजीची गरज पडली नाही, कारण त्यांचे संगीत साध्या ध्वनिफाइलींत होते.