व्हेंटिलेटर लावायचा म्हणाले तर...

आम्ही आष्टी, तालुका परतूर इथल्या बचत गटांच्या वतीनं बोलतोय. गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी येते, तेव्हा बी-बियाणं, शेळी, शिलाई मशीन यांच्या जोडीला दवाखाना हे कारण नेहमीचं असतं. त्यात एक शब्द आला की सगळ्या गप्प होतात. तो शब्द म्हणजे व्हेंटिलेटर. "मशीनवर ठेवलंय" म्हटलं की काही जणी माणूस गेलाच असं धरतात. काही म्हणतात, मेलेल्याला ठेवतात आणि बिल वाढवतात. या समजुतींपायी वाचू शकणारं माणूसही अर्ध्या उपचारातून घरी आणलं जातं. म्हणून आज हे मशीन नीट समजून घेऊ.

आपण श्वास घेतो तेव्हा छातीखालचा पडदा खाली सरकतो आणि हवा आत ओढली जाते. आजारानं ही ताकद संपली, की व्हेंटिलेटर लोहाराच्या भात्यासारखा हवा आत ढकलतो. मिनिटाला किती श्वास, एका श्वासात किती हवा, त्यात किती ऑक्सिजन हे डॉक्टर ठरवून देतात. साध्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, मशीन तो १०० टक्क्यांपर्यंत वाढवू शकतं. कधी तोंडावर घट्ट मास्क लावून भागतं, कधी घशातून नळी घालावी लागते. नळी असली की पेशंटला बोलता येत नाही, झोपेचं औषधही दिलेलं असतं. आपलं माणूस ओळख देत नाही म्हणून लगेच धीर सोडू नका.

आता मुख्य गोष्ट. व्हेंटिलेटर आजार बरा करत नाही, बरं व्हायला वेळ मिळवून देतो. मण्यार सापाचं उदाहरण घ्या. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो चावतो. सूज नाही, फारसं दुखत नाही, दाताची खूणही सापडत नाही. मग पोट दुखतं, पापण्या खाली येतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. सापाच्या विषावरची लस द्यावीच लागते, पण विषानं दुखावलेल्या नसा सुधारायला काही दिवस लागतात. तेवढे दिवस श्वास मशीननं सांभाळला तर तो माणूस चालत घरी येऊ शकतो. फवारणीचं औषध अंगात गेलं, तेव्हाही अनेकदा असंच असतं. अशा माणसाला मांत्रिकाकडे नेण्यात गेलेला तास परत मिळत नाही.

मशीन नव्हतं तेव्हा काय करायचे? १९५२ साली डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. श्वास बंद पडलेल्यांपैकी दहातले आठ-नऊ जण दगावत होते. ब्योर्न इब्सेन या डॉक्टरांनी गळ्याला छिद्र पाडून नळी घातली आणि रबराची पिशवी हातानं दाबून हवा द्यायला लावली. जवळपास दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीनं, रात्रंदिवस, ती पिशवी दाबत बसले. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आजचे अतिदक्षता विभाग त्यातूनच पुढे आले.

त्या हातांचं काम आता मशीन आपोआप करतं. पेशंटनं स्वतः श्वास घेतला तर ते ओळखून जोड देतं, नाही घेतला तर स्वतः देतं, काही बिघडलं तर घंटी वाजवतं. पण घंटी ऐकायला माणूस लागतं. नळीतला कफ काढायला, तोंड साफ ठेवायला, उशाकडची बाजू उंच ठेवायला, हळूहळू मशीन सोडवायला शिकलेली नर्स आणि डॉक्टर लागतात.

हे आपल्या मराठवाड्यानं २०२१ च्या कोरोनात पाहिलं. तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, घाटी रुग्णालयाला १५० व्हेंटिलेटर आले. वापरात आणलेल्या ११३ मध्ये दोष आढळले आणि ३७ खोक्यातून काढलेलेच नव्हते, असं उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर आलं. केंद्र सरकारचं म्हणणं होतं की वापरणाऱ्यांना पुरेसं शिकवलेलं नाही. दोष कुणाचा हा वाद बाजूला ठेवला तरी एक दिसतं. मशीन आलं म्हणजे सोय झाली असं नाही. ग्रामसभेत नवीन यंत्राची मागणी करताना ते चालवणार कोण आणि दुरुस्त करणार कोण, हेही आपण विचारलं पाहिजे.

आता मेलेल्याला मशीनवर ठेवतात का? मशीन हवा ढकलतं, हृदय चालवत नाही. हृदय थांबलं तर शेजारच्या पडद्यावर रेघ सपाट होते. शंका असेल तर शांतपणे म्हणा, "डॉक्टरसाहेब, पडदा दाखवून समजावून सांगा." विचारणं म्हणजे भांडणं नव्हे. मात्र हेही खरं, की व्हेंटिलेटर लावलेला प्रत्येक जण वाचत नाही. फुप्फुसं किंवा मेंदू सुधारण्यापलीकडे गेले असतील तर पुढं काय करायचं, हे डॉक्टरांशी आणि घरच्या सगळ्यांशी बोलून ठरवावं. एकट्या सुनेवर किंवा एकट्या मुलावर ते ओझं टाकू नये.

मशीन लावायचं म्हणाले, की हे पाच प्रश्न विचारा. कशासाठी लावताय? मास्कवर भागेल का? हा आजार सुधारणारा आहे का? पुन्हा आढावा कधी घेणार? रोज आम्हाला कोण माहिती देणार?

सहाव्या प्रश्नासाठी आरोग्यमित्राकडे जा: महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का? योजनेतल्या रुग्णालयात, ठरलेल्या उपचारांसाठी, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार घरात एकाच पिशवीत ठेवा. पाटल्या गहाण ठेवण्याआधी हे विचारा.

१०८ ला फोन करताना "श्वास घेता येत नाही" हे पहिल्यांदा सांगा, कारण काही गाड्यांतच व्हेंटिलेटर असतो. परतूरहून जालन्याला पाठवत असतील, तर तिथं व्हेंटिलेटरचा पलंग रिकामा आहे का, हे डॉक्टरांना निघण्याआधी फोनवर विचारायला सांगा.

पुढच्या बैठकीत हे सहा प्रश्न गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्या. जिला वाचता येत नाही, तिला दोनदा वाचून दाखवा. दवाखान्याच्या दारात कधी कुणाला उभं राहावं लागेल, सांगता येत नाही.