पहिल्या चोवीस तासांचा कायदा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांच्या हाताखाली मी याच शाळेत शिकलो. वर्गात कोणी तक्रार घेऊन गेले की गुरुजी प्रथम विचारीत, "केव्हा घडलं?" 'कोणी केलं' हा प्रश्न नंतर येई. पुढे बेळगावच्या न्यायालयात वकिली करताना त्या पहिल्या प्रश्नाचे मोल मला कळले. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात पुरावा वेळेवर गोळा करणे, जपणे आणि तपासणे यांविषयी कायदा काय सांगतो, हा माझा आजचा विषय आहे. शाळेच्या व्यासपीठावर तो काहींना अवघड वाटेल. परंतु पालक आणि शिक्षक यांनाच तो सर्वांआधी ठाऊक असावयास हवा.

अनेक वर्षांपूर्वी निपाणी भागातील एका खटल्यात सरकारी वकिलांना साहाय्य करण्याचे काम माझ्याकडे आले. मुलीची आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. घटना घडली त्याच रात्री तिने मुलीला आंघोळ घातली आणि कपडे धुऊन टाकले. दुसऱ्या दिवशी एका ठाण्यावर त्यांना सांगण्यात आले, की जागा पलीकडच्या राज्याच्या हद्दीत येते. तक्रार नोंदली गेली ती तिसऱ्या दिवशी. जो एक कपडा उरला होता, तो ओलसर असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला गेला आणि त्यावर बुरशी चढली. आरोपी निर्दोष सुटला. त्या माउलीने मला विचारले, "सायेब, कापडं धुवायची न्हाईत, हे कुनी सांगितलं असतं तर धुतली असती का मी?" या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते.

महाराष्ट्रातील देसाईगंज येथील खटला आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. २६ मार्च १९७२ च्या रात्री पोलीस ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार होती. त्याच रात्री तिला एका डॉक्टरांकडे नेण्यात आले. त्यांनी आधी ठाण्यावर जाऊन फिर्याद द्या, असे सांगितले. तिची वैद्यकीय तपासणी झाली ती २७ मार्चच्या रात्री आठ वाजता. अंगावर जखमा आढळल्या नाहीत, शरीरावरून घेतलेल्या नमुन्यांत काही मिळाले नाही. कपड्यांवर मात्र वीर्याचे डाग सापडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली रद्द केली. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रियांचे आंदोलन उभे राहिले आणि १९८३ साली कायदा बदलला. संमतीचा प्रश्न त्यावेळी पुढे आला. तपासणीच्या वेळेचा प्रश्न मात्र आणखी वीसेक वर्षे मागेच राहिला.

फौजदारी प्रक्रिया संहितेत १६४-अ हे कलम २००६ पासून लागू झाले. गुन्ह्याची खबर मिळाल्यापासून चोवीस तासांच्या आत, पीडितेच्या संमतीने, तिला डॉक्टरांकडे पाठवणे त्यामुळे पोलिसांवर बंधनकारक झाले. दिल्लीतील घटनेनंतर न्या. वर्मा समितीचा अहवाल आला आणि २०१३ च्या दुरुस्तीने सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयावर विनामूल्य व तत्काळ उपचारांची सक्ती केली. नकार देणे हा गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्या १८४ व्या कलमात चोवीस तासांची अट कायम असून डॉक्टरांनी सात दिवसांच्या आत अहवाल तपास अधिकाऱ्याकडे पाठवावा, असे म्हटले आहे. अशा गुन्ह्याचा तपास दोन महिन्यांत पूर्ण व्हावयाचा आहे. आपल्या सीमाभागाच्या दृष्टीने १७३ वे कलम तर फारच महत्त्वाचे आहे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर नोंदवून घेतलीच पाहिजे. निपाणीची मुलगी कागलला गेली काय किंवा कागलची निपाणीला आली काय, 'आमची हद्द नव्हे' असे म्हणून तिला परतवता येणार नाही.

या साखळीत एक कडी अद्याप सैल आहे. डॉक्टरांना तास दिले, पोलिसांना महिने दिले. परंतु नमुना प्रयोगशाळेत पोहोचल्यावर तो किती दिवसांत तपासावा, याचा आकडा या संहितेत नाही. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात २००९ साली पोलिसांच्या एका गोदामात अकरा हजारांहून अधिक न तपासलेले संच सापडले. त्यानंतर २०१४ मध्ये मिशिगन राज्याने कायदाच केला, की पोलिसांनी रुग्णालयातून संच १४ दिवसांत उचलावा, पुढील १४ दिवसांत प्रयोगशाळेत द्यावा आणि साधने पुरेशी असल्यास प्रयोगशाळेने ९० दिवसांत तपासावा. आपल्याकडे बेळगावात विभागीय न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे. तेवढ्याने भागत नाही. तिला मनुष्यबळ हवे आणि मुदतही हवी. ही मागणी आपण लोकप्रतिनिधींकडे केली पाहिजे.

तोवर आपल्या हाती जे आहे, ते आपण करावे. कपडे धुऊ नयेत. ते सावलीत वाळवून कागदात गुंडाळून ठेवावेत. आंघोळीपूर्वी रुग्णालय गाठावे. उपचारांसाठी आधी फिर्याद हवी, असे मुळीच नाही. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शरीरावरील नमुने ९६ तासांपर्यंत घेतले जातात, पण प्रत्येक तासागणिक पुरावा क्षीण होत जातो. तरीही उशीर झाला म्हणून कोणी खचू नये. जखम नाही किंवा नमुन्यात काही मिळाले नाही, म्हणजे अत्याचार झालाच नाही, असे कायदा मानत नाही. आणि तपासणीस होकार वा नकार देण्याचा अधिकार त्या मुलीचाच आहे, हेही विसरू नये.

त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर मी आज, इतक्या वर्षांनी, तुमच्यासमोर देत आहे. ते तिच्यासारख्या प्रत्येक घरी वेळेवर पोहोचवणे, हे गुरुजींचे स्मरण ठरेल, असे मला वाटते.