पिंपरीचे पेनिसिलिन आणि परराष्ट्रसंबंध

परराष्ट्रसंबंध हा दिल्लीतील मुत्सद्द्यांचा विषय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पिंपरीचा अनुभव निराळा आहे. येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला, तो जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने. अशा संबंधांचे शास्त्रशुद्ध अध्ययन व्हावे म्हणून १९५५ मध्ये दिल्लीत स्वतंत्र संस्था निघाली. १९७० मध्ये ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली.

चाकणला २००९ मध्ये जर्मन मोटारींचा कारखाना सुरू झाला. तेथील शेतकऱ्याचा मुलगा यंत्रावर काम मागतो, हे योग्यच. परंतु करार वाचणारा, परभाषेत बोलणी करणारा, प्रसंगी वकिलातीत बसणारा अधिकारीही त्याच घरातून यावयास हवा. पुणे विद्यापीठाचे जर्मन व जपानी भाषांचे वर्ग चाकणहून तासा-दीड तासाच्या वाटेवर आहेत. अर्थात नाशिक रस्ता मोकळा असेल तर!