पोथीची पेरे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. पण आपल्या पोथीवाचनासंबंधी दोन शब्द बोलावेसे वाटतात. साडेचार वाजले की वाचन थांबवावे, अध्याय अर्धा राहिला तरी चालेल, अशी सूचना पुढे आली आहे. कुणाची मुले शाळेतून येतात, कुणाकडे नळाला पाणी येते. ही अडचण खरी आहे. तरी पण कुठे थांबावे हे आधी पोथीलाच विचारावे, असे मला वाटते.

मोठ्या काव्यांच्या भागांची नावेच पाहा ना. वाल्मीकिरामायणाची ७ कांडे, महाभारताची १८ पर्वे, भागवताचे १२ स्कंध. स्कंध म्हणजे झाडाचे खोड किंवा मोठी फांदी. पर्व म्हणजे पेर. आपला ‘पेर’ हा शब्द त्यावरूनच आला. आणि उसाचे कांडे तर आपण सगळ्याच जाणतो. ऊस जसा पेरापेराने वाढतो, तशीच ही काव्ये.

सगळी पेरे मात्र सारखी नसतात. महाभारतात शांतिपर्व सर्वांत मोठे, तर महाप्रस्थानिक पर्व अगदी चिमुकले. युद्धातली पर्वे भीष्म, द्रोण, कर्ण आणि शल्य यांच्या नावांची. सेनापती बदलला की पर्व बदलले! म्हणजे भाग पाडले ते मोजून मापून नव्हे, कथा जिथे वळते तिथे.

आपल्या मराठीतही तेच. ज्ञानेश्वरीचे अध्याय गीतेप्रमाणे १८. पण बाराव्यात ओव्या अडीचशेच्या आत, आणि अठराव्यात सुमारे १८००. श्रीधरस्वामींनी हरिविजयाचे ३६, रामविजयाचे ४० आणि पांडवप्रतापाचे ६४ अध्याय केले. अध्याय संपवताना ते पुढे काय येणार याची चाहूल देतात. ऐकणारी बाई उठते ती पुढची ओढ मनात घेऊनच.

भगिनींनो, आपल्यात काही आजी अशा आहेत की त्यांना अक्षरओळख नाही. वाचणारीला पोथीत मोरपीस ठेवता येते. ऐकणारीची खूण म्हणजे अध्यायाची समाप्ती. कथा अधेमधे तोडली, तर घरी जाऊन त्यांनी नातवंडांना काय सांगावे?

म्हणून माझी सूचना अशी. वाचणारीने आदल्या दिवशी ओव्यांचा आकडा पाहून ठेवावा. अध्याय मोठा असेल त्या दिवशी अर्धा तास आधी बसावे. तेही जमले नाही, तर निदान एक प्रसंग पुरा करून थांबावे. आठवड्यातून दोनदा बसलो तरी हरिविजय चातुर्मासात जवळजवळ पुरा होतो. घड्याळही सांभाळले जाईल आणि पोथीचाही मान राहील.